पोथी, गंजिफा आणि संकासुर : सहावी-सातवीच्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२५

शाळा सोमवारी सुरू झाली. कुडाळ तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, सहावीत अकरा आणि सातवीत चौदा मुलं, दोन्ही वर्ग एकत्र माझ्याकडे. भाषा आणि समाजशास्त्र माझे विषय. गणितही मीच घेते, कारण ती जागा रिकामी आहे.

मुख्याध्यापकांना प्रकल्पाचा कागद दिला. शीर्षकात 'कला-समेकित अध्यापन' असं लिहिलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला शब्द आहे, त्यामुळे तो पाहिला की पुढचं कोणी वाचत नाही. कला दहावीपर्यंत सर्वांना सक्तीची असावी, हे तर २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही होतं. आमच्या वेळापत्रकातही कलेच्या तासिका आहेत. त्या तासिकांना पाढे होतात, आणि चाचणी जवळ आली की उजळणी होते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलेसाठी अंशकालीन निदेशकाची सोय आहे, पण उच्च प्राथमिकला शंभराच्या वर मुलं असतील तर. आमच्याकडे पहिलीपासून सगळी धरली तरी शंभर भरत नाहीत. सिंधुदुर्गात अशा शाळा पायलीला पन्नास.

मला स्वतःला चित्र काढता येत नाही. पण हा प्रकल्प चित्र सुंदर काढण्याचा नाहीच. मला एवढंच बघायचंय की मुलाने इतिहास किंवा गणित चित्रातून, खेळातून, सोंगातून मांडलं, तर ते उत्तर म्हणून धरता येतं का. भिंतीवर लावायला नव्हे, तपासायला.

२७ जून

पिंगुळीला जाऊन आलो. अंतर काहीच नाही, पण एसटीच्या वेळा जुळवता जुळवता अर्धा दिवस गेला.

तिथले चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पेपरात फोटो आले होते, त्यामुळे नाव मुलांच्या कानावर होतं. त्यांच्या घराण्याने गुरांच्या गोठ्यात उभं केलेलं 'ठाकर आदिवासी कला आंगण' पाहिलं. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, आणि आमचं मुख्य काम ज्यांच्याशी होतं त्या चित्रकथीच्या पोथ्या. पोथी म्हणजे इथे शिवलेलं पुस्तक नसतं. एका आख्यानाचे सुटे कागद असतात, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. कथेकरी गातो, चित्र समोर धरतो, प्रसंग संपला की कागद उलटतो. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ठाकर समाजाने ही कला देवळादेवळांतून फिरवली.

मुलांना बाहुल्या जास्त आवडल्या, हे उघडच आहे. पण सातवीतल्या एका मुलाने पोथीजवळ थांबून विचारलं, "बाई, हेच्यात डोंगर नाय?" खरंच नव्हता. ढग नाही, क्षितिज नाही, कोपऱ्यात सूर्य नाही. माणसं एका बाजूने दिसणारी, डोळे मोठे, आणि कोण कोणाकडे तोंड करून उभं आहे ते स्पष्ट. प्रसंगाला लागतं तेवढंच कागदावर.

आमच्या शाळेत 'चित्र काढा' म्हटलं की दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी आणि एक माड. पाचवीतही तेच, सातवीतही तेच. ते चित्र मूल विचार न करता काढतं, म्हणूनच ते मला बंद करायचं होतं. परतीच्या गाडीत नियम ठरला: आपल्या पोथीत जे काढू त्याचं कारण सांगता आलं पाहिजे. कारण नसेल तर खोडायचं. डोंगरांवर पहिली कुऱ्हाड पडली.

११ जुलै

सातवीचा धडा: शिवपूर्वकालीन महाराष्ट्र. मौजे, कसबा, परगणा, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार. आधी नेहमीसारखा प्रश्न लिहायला दिला: बलुतेदार म्हणजे काय? चौदाही वह्यांत तेच उत्तर: गावाची कामं करणारे कारागीर, कामाच्या बदल्यात धान्याचा वाटा घेणारे. पुस्तकातल्याच शब्दांत, बरोबर.

मग मोठा कागद देऊन तोच गाव काढायला सांगितला. गटात तीन-चार जण.

देऊळ मधोमध आलं. त्याच्या शेजारी पाटलाचा वाडा. लोहार कुठे, यावर पहिल्या गटात भांडण जुंपलं. एकीचं म्हणणं, रस्त्याला हवा, सगळे विळे-कोयते घेऊन येतात. दुसऱ्याने सांगितलं की भट्टीची ठिणगी उडाली तर गवताची छपरं पेटतील, म्हणून लांब. शेवटी लोहार रस्त्यालाच, पण गावाच्या टोकाला गेला. कुंभार मातीच्या बाजूला, म्हणजे ओहोळाजवळ. पुस्तकात यातलं एकही वाक्य नाही. मुलांनी ते आपल्या गावाकडे पाहून काढलं.

तासिका संपली तरी कोणी उठेना, म्हणून पुढची इंग्रजीची तासिकाही घेतली. तीन गटांचे गाव तेवढ्यात झाले. चौथ्या गटातली एक मुलगी बलुतेदारांची यादी हातात घेऊन बसली होती. महार या शब्दावर बोट ठेवून तिने विचारलं, "बाई, ह्येंची घरा खंय काढूची?"

पहिल्या तीन गटांनी ती घरं काढलीच नव्हती. यादीत नाव होतं, उत्तरात 'बलुतेदार' या शब्दात ते सामावून गेलं होतं. कागदावर मात्र प्रत्येकाला जागा द्यावी लागते.

१४ जुलै

कालच्या रविवारी यावर बराच विचार केला. वर्गात त्या वाडीतली दोन मुलं आहेत. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. आमच्याकडे कागदोपत्री नाव बदललं, बोलण्यात अजून जुनंच येतं. हे सगळं वर्गात उघडं पडणार होतं, आणि कोणा दोघांवर पंचवीस जणांचे डोळे लागणं मला नको होतं.

म्हणून आज घरांचा विषय सोडून पाण्याचा काढला. प्रत्येक घरातलं माणूस पाणी कुठून आणतं, ते निळ्या खडूने ओढा. प्रत्येक घरातून एक रेघ. पाटलाच्या वाड्यातली रेघ बोटभर झाली. कुंभाराची ओहोळापर्यंत. आणि मग सगळ्या गटांना आपोआप कळलं की काही घरांची रेघ देवळाजवळच्या विहिरीकडे नेता येत नाही. ती कुठे न्यायची? एकाने वेगळी विहीर काढली. दुसऱ्या गटाने रेघ ओहोळाच्या खालच्या अंगाला नेली, कुंभार आणि परीट यांच्याही पलीकडे. ती कागदावरची सगळ्यांत लांब रेघ झाली. महाडच्या चवदार तळ्याची आठवण मुलांनीच काढली. १९२७ साल एकाला पाठ होतं. ते कशाबद्दल होतं, हे त्या रेघेमुळे बाकीच्यांना समजलं.

मी काहीच समजावून सांगितलं नाही. शेवटी एवढंच म्हटलं की पुढचा प्रसंग काढताना ही रेघ विसरायची नाही.

कलेने शिक्षण 'आनंददायी' होतं, हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात ऐकायला मिळतं. आजचा तास आनंददायी अजिबात नव्हता. तरी या वर्षातला आतापर्यंतचा सर्वांत चांगला तास मी हाच धरते. वाक्यात माणूस लपवता येतो, नकाशावर लपवता येत नाही.

२४ जुलै

पोथीचे सहा प्रसंग ठरले. जाड ड्रॉइंगपेपर, पाठीला पाठ. रंग साधेच, दुकानातले. नैसर्गिक रंगांचा हट्ट एका पालकाने धरला होता, तो मी मोडून काढला. हळद आणि काजळी घोटण्यात महिना गेला असता आणि हातात गणवेशावरचे डाग उरले असते.

गावकऱ्यांच्या चित्रात सगळे एकाच उंचीचे काढायचे की पाटील मोठा, यावर मतभेद झाले. पिंगुळीच्या पोथीत महत्त्वाचं पात्र मोठं होतं, असा एका गटाचा दाखला. दुसरा गट म्हणाला, मग दुष्काळाच्या चित्रात पाटील मोठा कशाला? त्या चित्रात रिकामी कणगी सगळ्यांत मोठी काढली आहे. मला ती इतकी आवडली की मी ती मुलांसमोर बोलून दाखवली नाही. नाहीतर सगळ्या चित्रांत कणग्या आल्या असत्या.

६ ऑगस्ट

आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद. अनुभव सांगायला पाच मिनिटं मिळाली. पहिला प्रश्न: "याचे गुण कुठे लावता?"

खरं तर यासाठी कोणाची परवानगी लागतच नाही. ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, आणि आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाची आठ तंत्रं त्यात दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. पोथीचं चित्र इतिहासाच्या 'प्रकल्पा'त बसतं, सादरीकरण मराठीच्या 'तोंडी कामा'त. पंधरा वर्षं ही दारं उघडी आहेत. आम्ही चाचणी आणि स्वाध्याय धरतो आणि बाकीचे रकाने मार्चमध्ये एका बैठकीत भरून टाकतो. कला विषयाचं 'अ' श्रेणीचं शेपूट वेगळं लावतो, ते तर सर्वांना सारखंच.

दुसरी मागणी फोटोंची. लिंक आली आहे, संध्याकाळपर्यंत चढवा. फोटोत काय दिसणार? रंगीत कागद धरून हसणारी मुलं. निळी रेघ दिसणार नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधींनी नई तालीम मांडली तेव्हा हस्तोद्योग हा शिकण्याचाच रस्ता असावा असं म्हटलं होतं. पण मुलांच्या कामातून शाळेचा खर्चही निघावा, ही दुसरी अट सोबत आली आणि त्यावर तेव्हाच टीका झाली. सेवाग्रामला नंतर शांतिनिकेतनमध्ये शिकलेले देवीप्रसाद कलाशिक्षक म्हणून आले. तिकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर पानं, बिया, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य केलं. या लोकांना मूल काय करतं ते बघायचं होतं. मोजणाऱ्यांना हातात धरता येईल अशी वस्तू हवी असते. तेव्हा सूत, आता फोटो.

फोटो चढवले. नेटवर्क गेल्यामुळे रात्री.

२० ऑगस्ट

चतुर्थीच्या सुट्टीआधी सहावीचं काम सुरू केलं: गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. सावंतवाडीची ओळख म्हणजे लाकडी खेळणी, पण गोल गंजिफांची परंपराही तिथली. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती मरू दिली नाही. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२०.

मुलांनी जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे आणले. कंपासने वर्तुळं आखताना त्रिज्या म्हणजे काय हे फळ्यावर सांगायची गरज उरली नाही. ज्याचा कंपास सैल होता त्याची पानं गड्डीत बसत नव्हती आणि बाकीचे त्याला सोडत नव्हते. चिंचोक्याची खळ लावली. हवा अशी की दोन दिवसांत बुरशी धरली. एका मुलीच्या आजीने उरलेली पानं चुलीवर टांगून सुकवून दिली, त्यांना आता धुराचा वास आहे.

मासा, कासव, परशू काढणं सोपं. दहा मासे एका वर्तुळात बसवणं अवघड.

१२ सप्टेंबर

गणपती गेले, मुलं परत आली, अजून डोळ्यांत झोप आहे.

सहावीला पूर्णांक संख्या. दरवर्षी एकाच जागी गाडी अडते: −७ मोठी की −३? सात मोठे म्हणून −७ मोठी. संख्यारेषा दाखवली की तेवढ्यापुरतं बरोबर येतं, आठवड्याने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गंजिफेत एक गंमत आहे, आणि मी सहावीसाठी ती निवडली ती त्यासाठीच. दहापैकी पाच रंगांत दश्शी वरचढ आणि एक्का सर्वांत हलका. उरलेल्या पाच रंगांत उलट: एक्का वरचढ, दश्शी हलकी. मुलं आठवडाभर मधल्या सुट्टीत खेळली. हरल्यावर नियम पक्के बसतात. उलट्या रंगातली सत्ती घेऊन कोणी तिर्रीवर चढायला गेलं की चारही बाजूंनी आरडाओरडा.

आज फळ्यावर −७ आणि −३ लिहिलं. मागच्या बाकावरून आलं, "उलटो रंग!" तिर्री मोठी, म्हणजे −३ मोठी.

पुढचं मी ठरवलेलं नव्हतं. एकाने दोन गड्ड्या शेजारी मांडल्या: डावीकडे उलटा रंग दश्शीपासून एक्क्यापर्यंत, उजवीकडे सुलटा रंग एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मग राजा आणि प्रधान कुठे, म्हणून ते बाजूला काढले. आणि मधे? दोन एक्क्यांच्या मधे एका पानाची जागा रिकामी सोडली होती. विचारल्यावर म्हणाला, थंय शून्य, शून्याचं पान नसतं. संख्यारेषा जमिनीवर तयार होती.

याच्या पुढे गंजिफा जात नाही. −७ आणि ३ यांची बेरीज तिच्यात मावत नाही, तिथे संख्यारेषेवर उड्याच माराव्या लागतात. कलेला प्रत्येक घटकाच्या दावणीला बांधण्याचा जो आग्रह चालतो, तो यासाठी मला पटत नाही. दशमान अपूर्णांकांवर गाणं रचून काय साधतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

१० ऑक्टोबर

पहिल्या सत्राचे संकलित पेपर तपासून झाले. इतिहासात गावाच्या वर्णनाचा प्रश्न होता. सातवीच्या बहुतेक उत्तरांत 'कारण' हा शब्द आला आहे. एकीने लिहिलं: 'लोहाराचे घर गावाच्या टोकाला असायचे कारण भट्टीची आग. काही लोकांना पाणी लांबून आणावे लागे कारण गावाच्या विहिरीवर त्यांना येऊ देत नसत.' नमुना उत्तरात यातलं काही नाही. पूर्ण गुण दिले आणि कारण पेपरवर लिहून ठेवलं, उद्या कोणी विचारलं तर.

शुद्धलेखन जसं होतं तसंच आहे. इंग्रजीत फरक नाही. जुलैत ढापलेल्या त्या तासिका इंग्रजीला परत दिल्या पाहिजेत, दिवाळीनंतर.

१३ नोव्हेंबर

दिवाळीनंतर गावोगाव देवळांतल्या जत्रा म्हणजे दहीकाले सुरू झाले. मुलं रात्री जागून दशावतार बघतात आणि सकाळी वर्गात पेंगतात. गेली काही वर्षं मी यावर रागावत आले. या वर्षी त्याचाच गृहपाठ दिला.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, सोंगं रंगतात, संवाद जागेवरच सुचतात. आख्यानाआधी आडदशावतार: गणपती, सरस्वती, आणि मग काळा बुरखा घातलेला संकासुर, वेद पळवणारा. बाकी सोंगं छापील मराठीत बोलतात, संकासुर मालवणीत. म्हणून तो मुलांचा लाडका.

काम असं: संकासुर आमच्या शाळेत आला आहे आणि त्याने पुस्तकं पळवली आहेत. विष्णू त्याला जाब विचारतो. सातवीच्या नागरिकशास्त्रातले मूलभूत हक्क विष्णूने वापरायचे. लिहून आणायचं नाही. पेटी-पखवाज नाही, बाक बडवायचा.

२८ नोव्हेंबर

या प्रकारच्या सगळ्या कहाण्यांत एक अबोल मूल असतं, ते रंगमंचावर आलं की घडाघडा बोलू लागतं. आमच्या वर्गातलं अबोल मूल अबोलच राहिलं. त्याने बाक वाजवला, फार चांगला वाजवला, आणि संवाद कुठे थांबला तर ठेका धरून बोलणाऱ्याला वेळ मिळवून दिला. तोंडी कामात त्याचे गुण कशाचे धरायचे, याचा विचार करते आहे. ऐकल्याशिवाय असा ठेका धरता येत नाही, म्हणजे 'श्रवण' तर नक्कीच.

विष्णू झालेल्या मुलीने कलम २१-अ पाठ करून आणलं होतं: सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. चांगलं म्हटलं. संकासुराने शांतपणे ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं:

"मी वेद चोरलंय ता दिसला तुका. पण कित्याक चोरलंय ता इचारलंस? माका कोणी वाचूक देऊकच नाय!"

वर्ग क्षणभर गप्प, मग टाळ्या. विष्णू अडकली. ती सातवीतलीच, पोथीवर निळी रेघ ओढणाऱ्या गटातली. थोडं थांबून ती म्हणाली, मग तू एकट्याने पळवून नेऊ नकोस, सगळ्यांसाठी उघड. संकासुराने विचारलं, आणि तेव्हा का नाही उघडलंस? हे पाच-सात मिनिटं चाललं. कोण जिंकलं ते ठरलं नाही, घंटा झाली.

पाठांतर तपासणाऱ्या प्रश्नपत्रिकेत विष्णूला पूर्ण गुण मिळाले असते आणि संकासुराला शून्य. मी दोघांना सारखे दिले.

१२ डिसेंबर

पालक सभा. पोथी मांडली, मुलांनी दोन प्रसंग गाऊन दाखवले. चाल भजनाची होती, चित्रकथीची नव्हे. ती शिकायला पिंगुळीच्या कलाकारांकडे रीतसर बसावं लागेल, आणि त्यांना मानधन द्यावं लागेल. शाळा अनुदानातून ते कुठल्या शीर्षाखाली दाखवायचं हे मुख्याध्यापक बघताहेत. फुकट बोलवायचं नाही, यावर आम्ही दोघंही ठाम आहोत. 'लोककलेचं जतन' म्हणत कलाकाराला नारळ देऊन पाठवणं फार झालं.

एका वडिलांनी विचारलं, याने दहावीला वाढीव गुण मिळतात का, ते एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे मिळतात तसे? नाही मिळत. त्या परीक्षांना नावं ठेवायचं कारण नाही. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांनी हात आणि डोळा तयार होतो. तो रस्ता वेगळा, हे सांगितलं. त्यांचं समाधान झालं नसावं. मग त्यांच्या मुलीने त्यांना गंजिफेत हरवलं, तेव्हा जरा हसले.

दुसऱ्या सत्रात सातवीला चौथाई आणि सरदेशमुखी येईल. महसुलाचा चौथा हिस्सा आणि दहावा हिस्सा. दोन्ही वजा जाता शेतकऱ्याच्या मुलखात किती उरलं, हे एकाच चित्रात दाखवायचं. कणगीचे भाग करायचे की पोत्यांची रांग मांडायची, यावर आजच दोन तट पडले आहेत. चौथा आणि दहावा एकत्र मोजायचे तर वीस पोती घ्यावी लागतील: पाच चौथाईची, दोन सरदेशमुखीची. हे सहावीतल्या मुलाने बाजूला बसून सांगितलं. म्हणजे पोत्यांचा तट वरचढ दिसतो. जानेवारीत दोन्ही कागद काढून बघू. ड्रॉइंगपेपर संपला आहे, तो कुडाळहून आणायचा.